गस्त नंतर, आधी सहा घरं

पत्र:

नमस्कार. सहकारनगरच्या एका जुन्या कॉलनीत आम्ही राहतो. चार छोट्या सोसायट्या, काही बंगले आणि मागच्या गल्लीला लागून वस्ती. दिवाळीत गावी गेलेल्या दोन कुटुंबांची घरं फुटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी फिरायला निघालेल्या एका काकूंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी खेचलं. आम्ही मीटिंग बोलावली, हॉल भरला, सुरक्षा समिती झाली, व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. दोन महिन्यांनी अवस्था अशी आहे: अध्यक्ष कोण, यावरून दोन निवृत्त काका एकमेकांशी बोलत नाहीत. बायकांना "तुम्ही चहाचं बघा" असं सांगितलं जातं. पाच-सहा तरुण मुलं रात्री काठ्या घेऊन फिरतात. गेल्या आठवड्यात त्यांनी भंगार गोळा करणाऱ्या एका मुलाला अडवलं, त्याचं पोतं रिकामं करायला लावलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. बाकीचे लोक ग्रुपवर अंगठे दाखवतात, कामाला कुणी येत नाही. कामं वाटायची कशी? मुलांना थांबवलं तर उरलीसुरली समितीही बंद पडेल, अशी भीती वाटते. आणि वर्गणी काढावी का?
— एक सेक्रेटरी, पुणे

उत्तर:

ताई, भंगार गोळा करणाऱ्या त्या मुलाचं आधी बोलू. कामांची वाटणी दोन आठवड्यांनी झाली तरी चालेल, हे मात्र आजच व्हायला हवं. ग्रुपवरचा तो फोटो काढायला लावा. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनाही काढायला सांगा. मग तुम्ही आणि गस्तीच्या मुलांपैकी एक जण असे दोघं जाऊन त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना भेटा आणि समितीकडून चूक झाली असं स्पष्ट सांगा. "गैरसमज झाला" असं गुळमुळीत नको. त्याच्या पोत्यात काही सापडलं नाही म्हणून माफी मागायची नाहीये. ते उघडायला लावण्याचा अधिकारच कुणाला नव्हता, म्हणून मागायची आहे.

हे मी कायद्याला धरूनच सांगते आहे. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ प्रमाणे गुन्हा आहे. सामान्य नागरिकाला कुणाला पकडायचा अधिकार आहे, पण तो फार अरुंद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) तुमच्या डोळ्यांसमोर घडत असेल, किंवा तो माणूस न्यायालयानं फरारी घोषित केलेला असेल, तरच नागरिक त्याला धरू शकतो. धरल्यावरही विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण, बांधून ठेवणं, झडती घेणं यातलं काहीही त्या अधिकारात येत नाही. "संशय आला" एवढ्यावर तर काहीच करता येत नाही, फक्त कळवता येतं.

आणि संशय कुणाचा येतो, हे आपण प्रामाणिकपणे बघितलं पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. अफवा मोबाइलवरूनच पसरलेली होती, आणि तिथल्या लोकांनाही आपण आपल्या मुलांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. भटक्या माणसांकडे चोर म्हणून बघण्याची सवय आपल्यात फार जुनी आहे. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ती नजर गेली नाही. तुमची मुलं राईनपाड्यातल्या जमावासारखी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण रात्रीची वेळ, हातात काठी, समोर पोतं घेतलेला परका मुलगा आणि खिशात फोटो टाकायला तयार ग्रुप, एवढं एकत्र आलं की चांगल्या घरातल्या मुलांच्या हातूनही भलतं घडून जातं. त्यांच्या आयुष्याचाही प्रश्न आहे हा.

त्यांना काढून टाकू नका. त्यांच्या गस्तीची रीत बदला. काठ्या आधी घरी ठेवायला लावा. पुण्यात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात काठ्या-सोटे बाळगायलाही बंदी असते. हातात टॉर्च आणि शिट्टी पुरे. एकट्यानं फिरायचं नाही, पण सहा जणांचा घोळकाही नको, दोघं किंवा तिघं बस्स. अठरा वर्षांखालचं कुणीही रात्री नको. कुणाला थांबवायचं नाही, ओळखपत्र मागायचं नाही, फोटो काढायचा नाही, पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. काही दिसलं तर उभं राहायचं, टॉर्च लावायचा, मोठ्यानं बोलायचं आणि ११२ ला फोन करायचा. कोणत्या रात्री कोण फिरणार, हे चौकीत आधी कळवलेलं असावं. "पोलीस मित्र" म्हणून ज्यांना काम करायचंय त्यांनी पोलीस ठाण्यात रीतसर नाव द्यावं, म्हणजे बंदोबस्ताचं, सणासुदीचं काम पोलिसांच्या देखरेखीखाली करता येतं.

मुलं म्हणतील, मग आम्ही करायचं तरी काय? त्यांना सदाशिव पेठेची आठवण द्या. जून २०२३ मध्ये तिथं भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्यानं हल्ला होत होता, तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं मध्ये पडली आणि तिचा जीव वाचला. सगळ्या पुण्यानं त्यांचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण ती मुलं संशयित शोधत फिरत नव्हती. डोळ्यांसमोर माणूस मरणाच्या दारात होता म्हणून ती धावली. तसा प्रसंग आला तर तुमची मुलंही धावतील, त्यासाठी समितीनं त्यांना काठी देण्याची गरज नाही.

आता तुमची भीती, की गस्त थांबली तर समिती संपेल. मला उलट वाटतं. गस्त हे समितीचं सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं काम आहे. घरफोडी करणारा बंद घर शोधत असतो. दाराबाहेर लटकणारं मोठं कुलूप, दारात साचलेले पेपर, दिवसाही जळणारा जिन्यातला दिवा, दिवाळीत एकाच दारापुढे नसलेली रांगोळी, यावरून त्याला घर सापडतं. पुष्कळदा तो दुपारी येतो, बेल वाजवतो, कुणी उघडलं तर एखादं नाव विचारून निघून जातो. रात्री बारा ते दोन फिरणाऱ्या मुलांना तो भेटणारच नाही. तो भेटतो समोरच्या दारातल्या आजींना.

म्हणून तुमच्या समितीचं पहिलं काम गस्तीचं नाही, सहा घरांचं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल शहरात किर्कहोल्ट नावाची वस्ती आहे. १९८६ साली तिथं घरफोड्यांचा सुळसुळाट झाला होता. अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की एकदा फुटलेलं घर पुन्हा फुटण्याची शक्यता पुढच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असते. मग सगळ्या वस्तीवर पहारा ठेवायचा सोडून त्यांनी फुटलेल्या घराभोवतीच्या साधारण सहा घरांना विचारलं: एवढ्या एका घराकडे लक्ष ठेवाल का? त्याबरोबर कुलुपं-कड्या मजबूत केल्या, नाणी टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले, कारण चोर त्यातले पैसे नेत. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या पाऊणपट कमी झाल्या. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की कुणालाही संपूर्ण वस्तीची राखण करायला सांगितलं नव्हतं. आपल्या खिडकीतून दिसणारं एक घर, एवढंच.

तुमच्या कॉलनीचा कागदावर नकाशा काढा. दर सहा घरांचा एक गट, आणि त्या गटात एक माणूस ज्याच्याकडे बाकी पाचांचे फोन नंबर आहेत आणि जो बहुतेक वेळ घरी असतो. कुणी गावी गेलं की ग्रुपवर "आम्ही आठवडाभर नाही" असं जाहीर करायचं नाही, फक्त या एका माणसाला सांगायचं. तो पेपर उचलेल, दुधाची पिशवी बंद झाली का बघेल, संध्याकाळी दिवा लावेल, पाहुणा म्हणून कुणी बेल वाजवली तर दार उघडून "कोण हवंय?" विचारेल. सहज, शेजाऱ्यासारखं विचारायचं. या कामाला धाडस लागत नाही, फिरायला लागत नाही, गुडघे दुखत असले तरी चालतं. जी माणसं मीटिंगला येत नाहीत त्यातली निम्मी माणसं हे काम आत्ताही करतात, त्यांना कुणी समितीत धरलेलं नाही इतकंच. दिवाळीत फुटलेल्या त्या दोन घरांपासून सुरुवात करा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि तिच्याशिवाय समिती अपुरी राहील. रोज तुमची कॉलनी सगळ्यात जास्त कोण बघतं? वॉचमन, घरकामाच्या मावशी, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा, आणि दारोदार कचरा नेणाऱ्या, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या ताई. कुठल्या दारात चार दिवस कचरा आला नाही हे त्यांना माहीत असतं. कोणता नवा माणूस तीन दिवस त्याच कोपऱ्यावर उभा आहे, हेही त्यांनाच आधी दिसतं. आणि सुरक्षेच्या नावावर आपण पहिल्यांदा काय करतो? त्यांचीच आधार कार्डं गोळा करतो आणि त्यांच्याच पिशव्या तपासतो. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ साली उभी राहिली. पाठीवर पोतं दिसलं की चोर ठरवलं जायचं, त्याविरुद्ध महापालिकेचा शिक्का असलेलं ओळखपत्र मिळवणं हे तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक होतं. ज्या शहरात हे घडलं, त्याच शहरात तुमच्या मुलांनी ते पोतं उपसायला लावलं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

तर या मंडळींना समितीत घ्या. त्यांच्या वेळेला मीटिंग ठेवा, रविवारी रात्री नऊला ठेवलीत तर मावशी येऊ शकणार नाहीत. त्यांना खुर्ची द्या, बोलायला द्या. वस्तीतली निदान दोन माणसं समितीत हवीत, आणि माहिती पुरवणारे म्हणून नको, तुमच्याइतकाच हक्क असलेले सभासद म्हणून. चोऱ्या वस्तीतही होतात. तिथं मोबाइल जातो, सिलिंडर जातो, हप्ते न फिटलेली दुचाकी जाते, आणि त्याची फिर्याद देताना त्यांच्या नाकी नऊ येतात. समितीनं त्यांच्या चोरीसाठीही चौकीत जायचं. समितीत वस्तीतलं कुणी नसेल तर ती समिती हळूहळू वस्तीविरुद्धची होते, हे मी पुण्यात एकाहून अधिक ठिकाणी होताना पाहिलं आहे. आणि वॉचमनबद्दल: बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या माणसाला प्यायला पाणी, बसायला जागा, संडासची सोय आणि रात्री गेटवर चांगला दिवा आहे का, हे आधी बघा. सगळ्या कॉलनीची सुरक्षा ज्याच्यावर सोपवली आहे, त्याच्याजवळ चौकीचा नंबर तरी लिहिलेला आहे का?

दोन काकांचं सांगते. अध्यक्षपद ठेवूच नका. तुमच्या समितीची नोंदणी नाही, तिला अध्यक्षाची गरजही नाही. पण दोघांना बाजूला सारू नका. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, चिकाटी असते, पत्र लिहायचा हात असतो, आणि आपली कुणाला गरज आहे ही भावना त्यांना मनापासून हवी असते. ती भूक चांगली आहे. एकाला पोलिसांशी संपर्काचं काम द्या, दुसऱ्याला दिव्यांचं. ही दोन कामं एकमेकांत गुंतत नाहीत आणि दोन्हींचं फळ डोळ्यांना दिसतं.

पोलीस संपर्काचं काम म्हणजे महिन्यातून एकदा चौकीत जायचं, नेहमी त्याच दोघांनी. आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, त्यांची बदली झाली का, आसपास कोणत्या प्रकारच्या चोऱ्या चालू आहेत, हे विचारून यायचं आणि आपल्याकडचं नीट लिहून न्यायचं. वीस जणांनी वीस वेळा फोन केले की चौकीतला माणूस कंटाळतो. ओळखीचे दोघं कागद घेऊन गेले की ऐकतो. पण एक गोष्ट काकांना आणि सगळ्यांना ठणकावून सांगा: तातडीच्या वेळी कुणीही, कुणालाही न विचारता, थेट ११२ लावायचा. समितीची परवानगी नाही, ग्रुपवर आधी चर्चा नाही. साखळी खेचली गेली तर पहिल्या काही मिनिटांत दुचाकीचा रंग, हेल्मेट, नंबरचे दिसले तेवढे आकडे आणि गेल्याची दिशा कळली तर पुढच्या चौकात अडवता येतं. अर्ध्या तासानं कळलं तर फक्त फिर्याद उरते.

दिव्यांचं काम त्याहून साधं वाटतं, पण मला विचाराल तर त्याचं मोल गस्तीपेक्षा जास्त. कोणता पथदिवा बंद आहे, खांबावरचा नंबर काय, महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर तक्रार कधी टाकली, दिवा लागला कधी, एवढी एक वही. सहकारनगरसारख्या जुन्या झाडांच्या भागात दिवा चालू असतो पण फांद्यांत अडकलेला असतो. तिथं कुऱ्हाड घेऊन चढायचं नाही. फांद्या छाटायलाही झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, ती काका अर्ज करून आणतील. ज्या काकूंचं मंगळसूत्र गेलं त्यांनाच विचारा, सकाळी फिरताना कुठल्या वळणावर अंधार असतो.

सीसीटीव्ही एका माणसाकडे द्या. मुलांपैकी जो तंत्रात हुशार आहे त्याच्याकडे, म्हणजे काठीऐवजी त्याच्या हातात खरं काम येईल. त्यानं आठवड्याला बघायचं की कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे, रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहतं, काचेवर कोळ्याचं जाळं नाही, आणि चेहरा दिसतो की नुसतं डोकं. फूटेज पोलिसांनाच द्यायचं, ग्रुपवर कधीही नाही. न्यायालयात पुरावा म्हणून ते टिकायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेल्या व्हिडिओच्या भरवशावर राहू नका, मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाऊ देऊ नका.

आता "चहाचं बघा" याबद्दल. हे चालू देऊ नका, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोला. चहा आळीपाळीनं होईल, त्यात काकाही आले. पण नुसता चहा काढून घेऊन भागणार नाही, काम द्यायला हवं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात अवघड काम सोबतीचं आहे. घर फुटलं की त्या घरातली माणसं हादरलेली असतात. परक्या माणसानं आपल्या कपाटातले कपडे उचकटले, ही भावना महिनोन्‌महिने जात नाही. कुणीतरी शांत डोक्याची व्यक्ती तिथं दहा मिनिटांत पोचायला हवी. तिनं पहिल्यांदा गर्दी बाहेर काढायची, कारण ठसे पुसले जातात. कशालाही हात लावू द्यायचा नाही. मग घरच्यांबरोबर बसून काय काय गेलं त्याची यादी करायची, दागिन्यांची बिलं आणि लग्नकार्यातले फोटो शोधून ठेवायचे. फिर्याद द्यायला बरोबर जायचं, वाचून मगच सही करायला सांगायचं, प्रत मागून घ्यायची, ती मोफत मिळते. हद्दीचा प्रश्न निघाला तर आठवण करून द्यायची की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. साखळी हिसकावण्याला भारतीय न्याय संहितेनं कलम ३०४ मध्ये वेगळा गुन्हा म्हणून जागा दिली आहे. त्यामुळे मंगळसूत्राची नोंद "गहाळ झालं" अशी झालेली नाही ना, हे त्या काकूंच्या कागदावर एकदा बघून घ्या. आणि हे सगळं झाल्यावर, दोन आठवड्यांनी, पुन्हा एकदा त्यांच्या घरी जाऊन बसायचं. हे काम बायकांनीच करावं असं नाही, ज्याला ऐकता येतं त्यानं करावं. मला खात्री आहे की तुमच्या कॉलनीत अशा तीन-चार व्यक्ती आहेत आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही.

आणखी एक माणूस नेमा, फोनवरच्या चोरांसाठी. तुमच्या कॉलनीत मुलं परदेशी आणि आईवडील एकटे, अशी घरं असणारच. "डिजिटल अरेस्ट" म्हणून कुणी पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतो आणि आयुष्याची पुंजी काढून घेतो. अशी अटक कायद्यात नाहीच. या माणसानं एकट्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन एवढंच सांगायचं की असा फोन आला तर ठेवून द्या आणि मला हाक मारा, आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवून यायचं. एकट्या ज्येष्ठांची नावं चौकीत, त्यांच्या संमतीनं, द्यावीत. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये ज्येष्ठांसाठी वेगळा कक्ष आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइनही त्यांना सांगा.

माणसं येत नाहीत म्हणता. मीटिंगमध्ये "कोण कोण काम करणार?" असं विचारलं की सगळे खाली बघतात, ग्रुपवर विचारलं की अंगठे येतात. त्यात त्यांचा आळसच असतो असं नाही. काम केवढं आहे, कधी संपणार आहे हे माहीत नसताना कोण हो म्हणेल? घरी जा, एकेकट्या माणसाला विचारा, आणि नेमकं विचारा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आठला गल्लीतून एक फेरी मारून बंद दिवे लिहून ठेवाल का? मार्चपर्यंत." दिवस, वेळ, आणि शेवटची तारीख. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कुणालाही एक काम देऊ नका, नंतर हवं तर तेच पुन्हा घेतील. प्रत्येक कामाला एक बदली माणूस आधीच ठरलेला असावा, कारण परीक्षा येतात, डोळ्यांची ऑपरेशनं होतात, मुलीचं बाळंतपण येतं. आणि नाही म्हणणाऱ्याला मोकळ्या मनानं नाही म्हणू द्या. आज जबरदस्तीनं हो म्हणवून घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात गैरहजर राहतो आणि मग कायमचा तोंड चुकवतो.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, जिथं तिघांनाच लिहिता येईल. दुसरा काम करणाऱ्यांचा, दहा-बारा जणांचा. ऐकीव बातमी, फोटो, "संशयित फिरतोय" असले निरोप पहिल्या ग्रुपवर जाणार नाहीत, हे त्या तिघांनी सांभाळायचं. कुणाची जात, धर्म, कपडे, भाषा यावरून काही लिहिलं गेलं तर काढून टाकायचं आणि लिहिणाऱ्याला फोन करून सांगायचं.

तुम्ही स्वतः एकच काम ठेवा, कोणाकडे काय आहे त्या वहीचं. चौकी, दिवे, कॅमेरे, सोबत, यातलं एकही तुमच्याकडे नको. कुणी विचारलं तर नाव सांगा आणि तिकडे पाठवा. पहिला महिना हे जड जाईल, लोक तुमच्याच दारात येतील, पण स्वतः उठून जाऊ नका.

काही महिने चोरी झाली नाही की समिती थंडावेल. त्याची काळजी करू नका. गस्त बंद पडली तरी चालेल, मीटिंगा दोन महिन्यांतून एकदा झाल्या तरी चालेल. सहा घरांचे गट आणि दिव्यांची वही एवढं चालू राहू द्या. मे महिन्याच्या सुट्ट्यांआधी आणि दिवाळीआधी पंधरा दिवस मात्र सगळ्यांना बोलवा आणि कोण गावी जाणार ते गटागटानं विचारून घ्या.

वर्गणी सुरुवातीला काढू नका. वर लिहिलेल्या कामांपैकी कशालाच पैसे लागत नाहीत, टॉर्च आणि शिट्ट्या सोडल्या तर. पैसे आले की हिशेब येतो, हिशेब आला की ते अध्यक्षपद पुन्हा येईल. पुढे कॅमेरे किंवा गेटवरचा दिवा लागला तर तो खर्च त्या त्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून, सोसायटीच्या खात्यातून चेकनं व्हावा. बंगलेवाले आपला वाटा सोसायटीकडे पावती घेऊन देतील. वस्तीतल्या घरांकडून मात्र काही घेऊ नका.